देवाचे कोकणातले कपडे

१९ एप्रिल १९५७, शुक्रवार

आज सकाळी मी देवाचा पेटारा देवळाच्या ओट्यावर काढला, आतलं एकेक वस्त्र झटकून दोरीवर टाकलं आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत राखण करत बसलो. दर तिसऱ्या वर्षी चैत्र सरताना हे काम असतं. माझ्याआधी वडील करायचे. वैशाखी पौर्णिमेला आमचा भैरोबा पालखीत बसून घाट उतरतो आणि कोकणात बहिणीच्या, काळकाईच्या, भेटीला जातो. तीन दिवस तिच्याकडं राहतो. आमच्या कोळवण खोऱ्यात वैशाखातसुद्धा पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. घाटाखालची हवा निराळी. तिथं सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी पिळता येतं. खळ घातलेला कपडा घडीभरात लोळतो, जर काळी पडते, जाड कापडाला पांढरी बुरशी धरते. म्हणून देवाचे कोकणातले कपडे वेगळे. मलमलीचे तीन अंगरखे, पातळ शेला, हलकं पागोटं. घड्यांत वेखंडाचे तुकडे आणि वाळ्याची मुळं. दुसरं काही नाही.

एवढ्यात जयसिंगराव ठेकेदार आला. जंगलतोडीच्या ठेक्यावर त्याचं चांगलं चाललं आहे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मला अरे-तुरे करत नाही, तेवढी रीत पाळतो. हातात पुठ्ठ्याची पेटी होती. त्यानं ती ओट्यावर उघडली. आत कोट होता. लाल मखमल, छातीवर जरीची वेल, आत कापूस भरलेलं सॅटिनचं अस्तर. पुण्याहून शिवून आणलेला. उचलला तर मनगट वाकलं.

"गेणबा, औंदा देव ह्यो कोट घालून जाणार. ही धुडकी ठिवा हितंच."

धुडकी म्हणाला. सारजानं, माझ्या बायकोनं, रिठ्यात धुऊन, वाऱ्यावर वाळवून मऊ केलेल्या मलमलीला धुडकी म्हणाला. मी म्हणालो, खाली हे अंगावर ठेवणं म्हणजे देवाला भट्टीत बसवणं आहे. तो म्हणाला, पंचांपुढं बोलू. मी त्याच्यादेखत मलमल दोरीवरून काढली. घडी दोनदा चुकली. त्यानं ते पाहिलं असणार.

२१ एप्रिल, रविवार

देवळात बैठक झाली. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

नथू पाटील खांबाला टेकून तंबाखू मळत होते. मी माझं सगळं सांगितलं. ते हसले. "आरं गेणबा, पितळंचा मुखवटा त्यो, लाकडाच्या खोडावर बशिवल्याला. त्याला कसलं उकडतंय?"

सगळे हसले. मी म्हणालो, "मग थंडीत घोंगडं कशाला पांघरताय त्याला? ऊन ऊन निवद कशाला आणताय? गारढोण दाखवा की."

मागून म्हसू धनगर म्हणाला, "दाखवत्यातच की. पाटलाच्या वाड्यावरनं निवद निघून हितं येस्तवर गारढोणच झाल्याला आसतोय."

पुन्हा हशा. म्हसू पालखीवर देवाची छत्री धरतो, मानाचा आहे, म्हणून त्याला एवढं बोलता येतं. पाटील म्हणाले, "तू शेरडं राख तुजी."

मग जयसिंगराव उठला. आवाज मोठा. "माजा नवस हाय ह्यो. माजा धाकटा तापात पडला तवा डाक्टरनं हात टेकलं हुतं. मी देवाला बोललो, पोरगं उठलं तर मखमलीचा कोट घालून तुला भैनीच्या दारात नीन. पोरगं उठलं. आता गुरवानं मधी पडायचं काय कारन?"

नवस मला कळतो. नवस म्हणजे देवाशी सौदा, आणि सौदा करणाऱ्याला आपल्या मालाचं कौतुक असतंच. पण देवाला काय सोसेल हे बघायला मी आहे. मी तसं म्हणालो. पाटील म्हणाले, देवालाच विचारू. कौल लावा.

कौल मीच लावायचा असतो. दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या छातीवर चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी पडली तर कोट, डावी पडली तर मलमल. मला खात्री होती. देव मला ओळखतो. रोज पहाटे त्याच्या अंगावरून माझा हात फिरतो.

उजवी पडली.

२४ एप्रिल, बुधवार

तीन दिवस पूजा मुक्यानं करतो आहे. अंघोळ घालतो, गंध लावतो, फुलं वाहतो, वळतो. एरवी मी त्याच्याशी बोलतो. भात कसा लावला, गाय कधी व्याली, सगळं सांगतो. आता काय सांगू? चार माणसांत मला तोंडघशी पाडलंस. पितळेला उकडत नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसलास.

कौल लावताना देवळाचं दार उघडं होतं हे खरं. वारा होता हेही खरं. पण वाऱ्यावर ढकललं तर आजवरचे सगळे कौल वाऱ्याचेच म्हणावे लागतील. ते माझ्याच्यानं होणार नाही.

२८ एप्रिल, रविवार

घरी पेटारा भरायला घेतला. कोटानं निम्मी जागा खाल्ली. बाह्या दुमडल्या तर जर मोडते, नाही दुमडल्या तर झाकण बसत नाही. घाम पुसावा म्हणून बाहेर आलो तर जयसिंगराव दारात.

"भरला का?"

"भरतोय."

तो आत आला. चपला बाहेर काढून, एवढं मान्य करतो. पेटाऱ्यात वाकून पाहिलं. कोटाच्या बाजूला मी मलमल ठेवली होती.

"ही कशाला?"

"बदली आसावं काय तरी."

"बदली न्हाई. कौल झालाय. दोन दोन पोशाख न्हेलं म्हंजे तुमी मदीच बदलणार. मी वळकतो तुमाला, गेणबा." आणि वाकून त्यानं स्वतःच्या हातानं मलमल काढून सारजाच्या हातात दिली. देवाचं वस्त्र. अंघोळ न करता आला होता की करून, देव जाणे.

सारजानं ती घेतली. पदराखाली धरून आत गेली. मी काय बोलायला हवं होतं ते तो फाटकाबाहेर गेल्यावर एकेक करून सुचत गेलं. संध्याकाळपर्यंत सुचत राहिलं. गाईच्या दाव्याला हिसका दिला, ती बिचारी माझ्याकडं बघत राहिली.

जाताना त्यानं कोटाच्या वेलीवरून अंगठा फिरवला, धूळ नसताना पुसल्यासारखं केलं. किती दिमाख असावा माणसाला.

५ मे, रविवार

आज कोटाला ऊन द्यावं म्हणून बाहेर काढला. राग असला तरी वस्त्र राखणं माझं काम. उचलला तर हलका लागला. वाटलं, सवयीनं माझे हातच निर्ढावले. उलटा केला तर आत अस्तर नाही. कापूस नाही. नुसती मखमल, मागचे दोरे दिसणारी.

सारजा चुलीपुढं होती.

"अस्तर कुटं गेलं?"

"काडलं."

"कुनी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पायजे? रोज तेच ऐकतीया, देव शिजंल, देव शिजंल. शिजू ने म्हून काडलं. कापूस बी काडला. उशीत भरलाय."

"देवाच्या वस्त्रातला कापूस उशीत?"

"मग काय चुलीत घालू?"

मी म्हणालो, ही चोरी आहे. दुसऱ्याच्या नवसाला कात्री लावलीस. ती भाकरी थापायची थांबली. "चोरी तर चोरी. देवाला निम्मं तरी हलकं झालं का न्हाई? तुमाला चार माणसांत न्हाई म्हनता येत न्हाई. दारात येऊन त्यानं मलमल काडून दिली, तवा तुमी खांबावानी हुबं. आन् माज्याम्होरं आवाज चढतोय."

मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही. दुपारी सुई-दोरा घेऊन बसलो, म्हटलं आपणच शिवून टाकू. अस्तर तिनं घडी करून ठेवलं होतं. एक टाका घातला आणि सुई खाली ठेवली. देवाला पुन्हा जड करायला माझे हात चालेनात. आणि तिनं केलं ते झाकून ठेवायलाही मन घेईना. लपवून केलेलं भलं हे देवाच्या अंगावर चढवायचं, आणि जयसिंगरावानं मान डोलवत बघायचं, की माझा कोट शोभतो. म्हणजे देव फसला, जयसिंगराव फसला, आणि मी मधे हात जोडून उभा.

तिचा राग आला तो ती खोटं बोलली म्हणून नाही. ती खरं बोलली.

९ मे, गुरुवार

आज पहाटे पूजेत बोललो. बऱ्याच दिवसांनी.

वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना पौष महिन्यात अंगावर पांघरूण नको असायचं. ओरडायचे, घोंगडं पायानं उडवायचे. मी पुन्हा घालायचो. ते शिव्या द्यायचे. वडिलांचा शब्द मोडला म्हणून मला कधी पाप वाटलं नाही. देवाला मी हेच सांगितलं. तू कोट माग, कौल दे, तुझी मर्जी. तू मागशील ते देणं हे नवसवाल्याचं काम. तुला सोसेल ते देणं हे माझं. तुझं ऐकायचं की तुला जपायचं हे मला कुणी शिकवलं नाही, पण हाताला ठाऊक आहे.

रागावून बोललो. देवापुढं आवाज चढला तर चढला.

मग घरी येऊन सारजाकडून मलमल मागून घेतली. तिनं आतून आणली, अजून पदराखालीच धरून. मी ती पेटाऱ्यात सगळ्यांत वर ठेवली. तळाशी नाही, शेल्याच्या घडीत नाही. झाकण उघडलं की आधी तीच दिसावी. कुणी विचारलं तर सांगणार होतो. कुणी विचारलं नाही. कोट शनिवारी देवळातच अंगावर चढवायचा होता, त्यामुळं जयसिंगरावाला पेटाऱ्यात बघायचं काही उरलं नव्हतं.

सारजानं वर ठेवलेली मलमल पाहिली. "आता कसं," एवढंच म्हणाली. मला त्याचाही राग आला, की हिला एवढंही वाटू नये की माझी धडगत नाही. पंचांनी पूजा काढून दुसऱ्याकडं दिली तर घरात खाणार काय, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

१२ मे, रविवार. ताम्हिणीला मुक्काम

काल निघालो. सारजाही बरोबर आहे. धरणाच्या कडेकडेनं दोन दिवस चालतो आहोत. वर हवा आहे, म्हणून देव अजून बरा आहे. मुखवटा गार लागतो.

जयसिंगराव अनवाणी चालतो आहे. पायताणाला पैसे नाहीत म्हणून? लोकांनी बघावं म्हणून. तळव्याला फोड आले आहेत, ओढ्यावर पाण्यात पाय सोडून बसला होता. वर अंगात स्वतःचा लोकरी कोट, लग्नातला असावा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. देवाला कोट तर मलाही कोट. दर थांब्याला पालखीपाशी येतो, देवाच्या कोटाचा काठ नीट करतो, बघतो, जातो. कोंबडीनं अंडं राखावं तसा. म्हसू म्हणाला, "ठेकेदार, द्येव पळून जाणार न्हाई वो. कोटात बांधलाय त्येला." जयसिंगराव हसला नाही. एरवी म्हसूच्या असल्या बोलण्यावर तो सगळ्यांत मोठ्यानं हसतो. पैसा आला की माणसाचं हसू जातं.

दुपारी जेवायलाही बसला नाही. म्हणे उपास. पौर्णिमा उद्या, आणि याचा उपास आजपासून. देखाव्याला किती कळा असतात.

उद्या घाट. अस्तर काढलेलं त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. लाकडी खोडावर कोट ताठ बसतो.

१३ मे, सोमवार. वैशाखी पौर्णिमा

काळकाईच्या देवळामागच्या पडवीत बसून लिहितो आहे. अंगाला सदरा चिकटला आहे, कागद मऊ पडला आहे. आज जे केलं ते लिहून ठेवतो.

अंधार असतानाच घाट उतरायला लागलो. वर गारवा होता, पायवाटेवर दव होतं. निम्मा घाट उतरल्यावर हवा बदलली. कुणीतरी ओलं फडकं तोंडावर धरावं तशी. आंब्याच्या झाडीत, काळकाईच्या गावाच्या शिवेपाशी आलो तेव्हा ऊन नुकतं फुटलं होतं. खालच्या गावची माणसं ताशे घेऊन समोर उभी होती. पालखीचे भोई खांदा बदलायला थांबले आणि म्हसू ओरडला, "द्येवाला घाम फुटला!"

खरंच. कपाळावर, गालांवर, मिशीच्या कडेला बारीक थेंब. माझ्यादेखत एक थेंब हनुवटीवरून ओघळला आणि मखमलीच्या गळ्यात जिरला. गळपट्टी काळी पडली होती. बायाबापड्या वाटेवर आडव्या झाल्या. नथू पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं. तेच पाटील, ज्यांच्या पितळेला उकडत नव्हतं. कुणी म्हणालं, देव बहिणीला बघून गहिवरला. जयसिंगराव हात जोडून म्हणाला, "पावला! चला, लौकर चला, दारात जाऊ द्या!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घामानं निथळणारं माणूस दिसलं तर शेणातला किडाही सरकून त्याला सावलीत जागा देईल, आणि ही माणसं टाळ्या वाजवत होती.

"पालखी ठिवा," मी म्हणालो.

भोयांनी ठेवली. गुरवानं ठेवा म्हटलं की ठेवावी लागते. मी पडदा मागितला. देवाचे कपडे बदलताना पडदा धरतात, आतलं कुणी बघत नाही, आणि गुरव पडदा सारेपर्यंत पालखी जागची हलत नाही. एक टोक म्हसूनं धरलं, दुसरं सारजानं. मी आत एकटा, देवापुढं.

"गुरव," बाहेरून जयसिंगरावाचा आवाज, "पडदा कशापायी? समोर मान्सं हुबी हायेत."

"पोशाख."

"पोशाख हायच की अंगावर."

जरीच्या गुंड्या काढल्या. कोट पाठीला चिकटला होता, हळूच सोडवला. देवाचं अंग पुसलं. या वेळी काही चुकलं नाही. मग कोट घडी न करता पडद्याखालून बाहेर दिला.

"हे काय, गेणबा! भैनीच्या दारात बोललोय मी. दार अजून फुडं हाय!"

"मग दारात घिऊन चला की. तुमच्या हातात. द्येव बरूबर हायच."

पाटलांचा आवाज आला, "आरं कौल मोडतुयास तू!" मी म्हणालो, "मोडला. मी मोडला." एवढ्या मोठ्यानं म्हणालो की समोरचा ताशा थांबला.

नंतर जयसिंगराव, अगदी पडद्याशी येऊन:

"ह्याला अस्तर न्हाई."

पडद्याचं सारजाच्या हातातलं टोक हललं. ती बोलायला लागली होती, तिचा श्वास मला ऐकू आला. मी आधी बोललो.

"मी काडलं. घरीच काडलं."

हे खोटं मी देवाच्या समोर, त्याच्या तोंडाकडं बघत बोललो. त्याच्या कपाळावर पुन्हा थेंब धरत होते. माझ्या आयुष्यात मी असं कधी केलं नव्हतं, आणि लिहिताना सांगतो, मला वाईट वाटलं नाही.

आता तो तडकेल, म्हणून मी तयार होतो. फाटकाबाहेर गेल्यावर सुचलेलं सगळं जिभेवर होतं. धुडकी शब्दासकट. त्याच्या पायांच्या देखाव्यासकट. पण तो तडकला नाही. खाली बसल्याचा आवाज आला. मग इतक्या हळू बोलला, की पलीकडं पाटलांना ऐकू गेलं नसावं.

"मग अर्दाच घेतला का त्यानं? गेणबा? परवा निघताना पोराचं आंग जरा कोमट लागलं हुतं मला. अर्दा कोट... मग पोराचं काय?"

मला पडद्यातून त्याचं तोंड दिसत नव्हतं. फक्त पडद्याखाली त्याचे पाय दिसत होते. फोड फुटलेले, मातीनं भरलेले.

राग उतरला असं मी लिहिणार नाही. तो होता, अजूनही आहे. पण जिभेवरचं सगळं तिथंच अडलं, आणि भलतंच तोंडातून आलं.

"गळपट्टीला हात लावून बगा."

"लावला."

"कशी हाय?"

"वली."

"कुनाच्या घामानं? न ल्यालेलं कापड भिजतंय व्हय? पुरा डोंगर उतरून घातला त्यानं तुमचा कोट. न्हाई सोसला तरी घातला. आता त्याला जीव घिऊ द्या. आन् तुमी बी तुमच्या गुंड्या सोडा, आंब्याखाली चक्कर यील."

तो उठला. नाक ओढल्याचा आवाज झाला. आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "परत गेल्यावर पंचांपुढं हुबं ऱ्हावं लागंल तुमाला, गुरव!"

"ऱ्हाईन," मी म्हणालो.

सारजा पडद्याच्या कडेवरून माझ्याकडं बघत होती. बघू नये असा नियम आहे. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण तिनं मान फिरवली नाही. मी देवाच्या अंगावर मलमल घातली. बाह्या सारख्या केल्या, बगलेत गाठ मारली. मग पुढं होऊन पडदा सारला, आणि भोयांना म्हणालो, उचला.